गिधाडं कमी झाली, हे कळलं कधी?



घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला एक प्रश्न विचारून बघा. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, इगतपुरी, कुठल्याही पाड्यावर विचारा. "आजी, गावात गिधाड शेवटचं कधी पाहिलंत?" आधी ती हसेल, हा काय प्रश्न झाला म्हणेल. मग आठवायला लागेल. माझं लग्न झालं तेव्हा ढोर मेलं की माळावर थवाच्या थवा उतरायचा, असं सांगेल. धाकटा रांगत होता तोवर होती बाई, असं म्हणेल. पण अमुक साली गेली, असं काही तिला सांगता येणार नाही. आलेला पाहुणा लक्षात राहतो. न आलेल्याची नोंद कोण ठेवतं?

आज मला या न दिसण्याविषयी बोलायचं आहे. रानातलं एखादं जनावर किंवा पाखरू कमी झालंय असं वाटलं, तर ते खरंच कमी झालंय की आपल्याला नुसतं तसं वाटतंय, हे ओळखायचं कसं? आणि खरंच कमी झालं असेल, तर हातपाय कधी हलवायचे? लगेच, की सगळी खात्री पटेपर्यंत थांबून?

हे काम वनखात्याचं आणि शास्त्रज्ञांचं, आपला काय संबंध, असं वाटेल. पण गिधाडांच्या बाबतीत जे घडलं ते रानात घडलंच नाही. ते आपल्या गोठ्यात घडलं. गोठा कोण बघतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

नाशिकला तर गिधाडाचं नातं जुनं. पंचवटीतून सीतेला नेलं तेव्हा आडवा आला तो जटायू, आणि तो पडला ती जागा आपल्या इगतपुरी तालुक्यातलं सर्वतीर्थ टाकेद, असं आपण मानतो. तिथे त्याचं मंदिर आहे, यात्रा भरते. जटायूला हात जोडणाऱ्या आपल्या मुलींना खरं गिधाड मात्र मोबाईलवर दाखवावं लागतं.

आता मुद्द्याला येते. बचत गटाच्या वहीत या महिन्याला शिल्लक कमी दिसली, तर आपण लगेच चोरी झाली म्हणून ओरडत नाही. आधी बघतो. कुणाचे हप्ते यायचे राहिलेत का, कर्ज वाटलंय का, की बेरीजच चुकली? रानाच्या वहीतही तसेच चार रकाने असतात. जन्मले किती, मेले किती, बाहेरून आले किती आणि बाहेर गेले किती. शिवाय मोजणाऱ्याची चूक ही असतेच. कमी दिसलं की या सगळ्यांतून काय झालं असेल ते बघायचं, मग बोलायचं.

निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर घ्या. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथला हा बंधारा शंभर वर्षांहून जुना. गाळ साचत साचत पाणी उथळ झालं, पाणवनस्पती वाढली आणि पाखरांना ते आवडलं. 1986 साली अभयारण्य झालं आणि जानेवारी 2020 मध्ये रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. हिवाळ्यात तिथे दूरदूरच्या देशांतून बदकं येतात, त्यांची मोजणी होते. समजा एखाद्या वर्षी आकडा निम्म्यावर आला. पाखरं मेली म्हणायची का? आधी पावसाची आठवण काढायची. परतीचा पाऊस लांबला असेल, तर तळी, पाझर तलाव, शेततळी सगळीच तुडुंब असतात. पाखरं मग पांगतात, एकाच ठिकाणी गर्दी करत नाहीत. उलट दुष्काळी साल असेल तर उरल्यासुरल्या पाण्यावर सगळी गोळा होतात आणि आकडा फुगतो. म्हणजे कमी आकडा चांगल्या पावसाची खूण असू शकतो, आणि मोठा आकडा पाण्याच्या टंचाईची. एका वर्षाच्या एका आकड्यावर बोलायचं नाही ते एवढ्यासाठी.

बिबट्याचं याच्या उलट होतं. ऊसतोड सुरू झाली की निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे रोज कुठे ना कुठे बिबट्या दिसतो. लगेच बोलणं सुरू होतं, बिबटे फार वाढले. वाढलेही असतील, पण नुसत्या दिसण्यावरून ते सांगता येत नाही. वर्षभर उसात दडून बसलेलं जनावर, त्याचा आडोसाच कापला, तर ते दिसणारच. दिसणं वाढलं म्हणजे संख्या वाढली असं नाही, आणि दिसणं थांबलं म्हणजे संपलं असंही नाही. ऊस पुन्हा उंच झाला एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. आधी आडोसा, पाणी, खाद्य यांत काय बदललं ते विचारायचं.

चिमणीची गोष्ट तर आपल्या नाशिकच्याच माणसाशी जोडलेली आहे. मोहम्मद दिलावर हे नाशिकचे. त्यांच्या संस्थेच्या पुढाकाराने 2010 पासून 20 मार्च हा दिवस जगभर चिमणी दिवस म्हणून पाळला जातो. त्यामुळे चिमण्यांबद्दल घराघरांत बोललं जाऊ लागलं, लोकांनी घरटी टांगली, पाण्याची भांडी ठेवली. पुढे 2020 साली देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल आला. हजारो पक्षी पाहणाऱ्यांनी वर्षानुवर्षं केलेल्या नोंदी त्यात एकत्र केल्या होत्या. त्यात असं दिसलं, की मुंबई, दिल्ली, बेंगळुरू अशा मोठ्या सहा शहरांत चिमण्या कमी होत गेल्या, पण सगळा देश धरला तर गेल्या पंचवीस वर्षांत त्यांची संख्या जवळपास टिकून आहे. मोबाईलच्या टॉवरमुळे चिमण्या मेल्या हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं, त्याला या अहवालाला पुरावा सापडला नाही. शहरातल्या माणसाला दिसत होतं ते खोटं नव्हतं. त्याच्या खिडकीत चिमणी येत नव्हतीच. पण खिडकीतून दिसलं तेवढंच जग धरलं की असं होतं. घरटी टांगल्याने नुकसान मात्र कुणाचंच झालं नाही, आणि ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल म्हणून लक्षात ठेवा.

एवढ्या शंका काढल्यावर वाटेल, की कमी झालं कमी झालं म्हणणाऱ्याकडे लक्षच देऊ नये. तसं केलं की काय होतं, त्याची गोष्ट गिधाडांची.

राजस्थानात भरतपूरला केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात तिथल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी मोजली होती. साडेतीनशेच्या घरात जोड्या होत्या. 1996 साली त्यांनी पुन्हा मोजलं तर अर्ध्याही उरल्या नव्हत्या. झाडाच्या फांदीवर गिधाडं मान खाली टाकून बसलेली, काही तशीच मरून लटकलेली. आणखी काही वर्षांत तिथे एकही जोडी राहिली नाही.

पण एक उद्यान म्हणजे देश नव्हे. नांदूरमध्यमेश्वरसारखी ती दुसरीकडे गेली असतील तर? म्हणून संस्थेने जुनी वही काढली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या माणसांनी देशभरातल्या अनेक रस्त्यांवरून गाडीने जात शिकारी पक्षी मोजले होते. 2000 साली त्याच रस्त्यांवरून, तशाच पद्धतीने पुन्हा मोजले. मग 2002, 2003 आणि 2007 ला. रस्ता तोच, पद्धत तीच. त्यामुळे आकड्यात फरक पडला तो मोजणीतल्या फरकाने पडला असं म्हणायला जागा राहिली नाही. 1992 साली जिथे पांढऱ्या पाठीची हजार गिधाडं होती, तिथे 2007 मध्ये एक उरलं होतं. हजारात एक. लांब चोचीच्या गिधाडांची गत थोडीच बरी, शंभरातली तीनेक उरली. मधली काही वर्षं तर अशी गेली, की दरवर्षी शंभरातली चाळीसहून जास्त पांढऱ्या पाठीची गिधाडं नाहीशी होत होती.

नुसता आकडा कमी झाला म्हणून घाबरायचं नाही हे खरं. पण सगळीकडे कमी होतंय, दरवर्षी कमी होतंय, आणि जाऊन राहण्यासारखी दुसरी जागाच दिसत नाही, असं तिन्ही जुळलं की तो चढउतार राहत नाही. ती घसरण असते.

कारण शोधायला वेळ लागला. आधी सगळ्यांना साथीचा रोग वाटला. कीटकनाशकांवर संशय गेला. खाद्य कमी झालं असेल म्हणावं, तर मेलेली ढोरं सडत पडलेली होती, उलट खाणारं कुणी नव्हतं. अखेर 2003 साली पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कारण सापडलं. मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झालेली असत आणि आतल्या अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर बसलेला असे. कारण होतं डायक्लोफिनॅक. दुखण्यावरचं, सुजेवरचं औषध. माणसांसाठी ते आधीपासून होतं. नव्वदच्या दशकात जनावरांसाठीही स्वस्तात मिळू लागलं. गाय लंगडते, कास सुजली, ताप आला, की दिलं इंजेक्शन. गाय बरी झाली तर प्रश्नच नाही. पण इंजेक्शननंतर दोन-चार दिवसांत ती मेली आणि गिधाडांनी खाल्ली, की औषध त्यांच्या पोटात. कुत्र्याला, कावळ्याला त्या मांसाने काही झाल्याचं दिसत नाही. गिधाड दोन-तीन दिवसांत मरतं.

यात एक हिशेब आहे, तो मला पहिल्यांदा कळला तेव्हा खराच वाटला नव्हता. अख्खी जात संपवायला फार ढोरांना इंजेक्शन द्यावं लागत नाही. शास्त्रज्ञांनी मांडून दाखवलं, की हजार मेलेल्या जनावरांत औषध असलेली एक ते आठ जनावरं असली तरी एवढी घसरण होऊ शकते. कारण एका ढोरावर शंभर गिधाडं बसतात, आणि तीच गिधाडं आज इथे तर उद्या पन्नास कोसांवर जेवतात. म्हणून कुठल्याच एका गावाला ते आपलं पाप वाटलं नाही. आमच्या गावात वर्षाला एखादी गाय औषधावर मेली असेल, त्याने काय होतंय, असं प्रत्येक गाव म्हणू शकत होतं, आणि प्रत्येकाचं खरंच होतं.

आता गिधाडाचा संसार बघा. चिमणी वर्षात दोन-तीनदा घरटं करते, दर वेळी तीन-चार अंडी. एखाद्या उन्हाळ्यात निम्म्या चिमण्या गेल्या तरी दोन-तीन चांगल्या वर्षांत भरपाई होऊ शकते. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. ते पिल्लू जगलं तर पाचेक वर्षांनी स्वतः घरटं करायच्या वयाचं होतं. समजा एका कड्यावर शंभर गिधाडं आहेत, त्यांतल्या चाळीस जोड्यांनी चाळीस अंडी घातली. काही अंडी फुटली, काही पिल्लं पडली, काही पहिल्या पावसाळ्यात गेली. घरटं करण्याच्या वयापर्यंत दहा पोचली तरी पुष्कळ. म्हणजे या कड्याला दरवर्षी दहांपर्यंत मरणं सोसतात. अकरावं सोसत नाही. चाळीसचं तर बोलायलाच नको. पंधरा वर्षांत गेलेलं भरून यायला किती पिढ्या लागतील ते तुम्हीच मांडा.

म्हणून हातपाय कधी हलवायचे याचं उत्तर प्रत्येक जनावरासाठी एकच नसतं. चिमणीच्या बाबतीत आपण दोन-चार वर्षं नीट मोजून मग ठरवू शकतो. गिधाड, माळढोक, अशा हळू वाढणाऱ्यांच्या बाबतीत थांबणंच महाग पडतं. माळढोकही वर्षाला साधारण एकच अंडं घालतो. सोलापूरच्या नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य झालं 1979 साली, आणि आज तिथे माळढोक दिसणं ही बातमी होते.

दुसरी गोष्ट. आपल्या हातून चूक दोन तऱ्हेची होऊ शकते. काही झालेलं नसताना धावपळ करणं, ही एक. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी. आणि खरंच होत असताना बघत बसणं, ही दुसरी. बैल गेला आणि झोपा केला. दोन्ही टाळता येत नाहीत, कारण पूर्ण खात्री हातात येते तोवर बहुधा उशीर झालेला असतो. तेव्हा विचारायचं ते असं, की यातली कुठली चूक आपल्याला परवडेल? चिमणीला घरटं टांगलं आणि तिला त्याची गरज नव्हती, तर चार फळ्या वाया. गाईला डायक्लोफिनॅकऐवजी दुसरं औषध दिलं आणि पुढे कळलं की डायक्लोफिनॅक निर्दोष होतं, तर थोडे पैसे जास्त गेले. पण ते दोषी होतं आणि आपण बदललं नाही, तर गिधाड परत आणता येत नाही. स्वस्त आणि मागे फिरवता येण्यासारखं पाऊल लवकर उचलावं. महाग आणि मागे न फिरणारं पाऊल मात्र पुराव्याची वाट बघून. बिबट्या दिसला की पकडून लांब सोडा, ही मागणी या दुसऱ्या तऱ्हेची. जुन्नरकडे वीस-बावीस वर्षांपूर्वी ते करून पाहिलं, आणि सोडलेल्या बिबट्यांनी माणसांवरचे हल्ले वाढले असं डॉ. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसलं.

गिधाडांच्या बाबतीत सरकार हललं, पण टप्प्याटप्प्याने. कारण कळलं 2003 मध्ये. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली 2006 मध्ये. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या दुकानात होत्याच, त्या गोठ्यात जात राहिल्या. 2015 मध्ये माणसांसाठीचं इंजेक्शनही 3 मिलीच्या एकाच डोसात विकायचं असा नियम झाला, कारण एवढ्याशा कुप्या गाईला पुरत नाहीत. मग कळलं, की डायक्लोफिनॅकच्या जागी आलेल्या औषधांतली काही तितकीच वाईट आहेत. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक जनावरांसाठी बंद झालं 2023 मध्ये, आणि निमेसुलाइड 2024 च्या अखेरीस. तेवढ्यात एक पिढी मोठी झाली.

आणि गिधाडं गेल्याने आपलं काय गेलं? गिधाडांचा थवा अख्खं ढोर तासाभरात साफ करतो, हाडं तेवढी उरतात. ती गेल्यावर ढोरं सडू लागली, पाणी नासू लागलं आणि आयतं खाणं मिळून मोकाट कुत्री वाढली. कुत्री वाढली की चावे वाढतात, रेबीज वाढतो. कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीत येतो तो वेगळाच. 2024 साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी एक हिशेब छापला. पूर्वी गिधाडं भरपूर असलेल्या आणि मुळातच नसलेल्या जिल्ह्यांतले मृत्यू त्यांनी ताडून पाहिले. 2000 ते 2005 या काळात गिधाडं गेल्यामुळे देशात पाच लाखांच्या आसपास जास्तीची माणसं दगावली असावीत, असं त्यांचं म्हणणं. पाखरू गेलं तर जाऊ दे, असं म्हणणाऱ्याला हा आकडा ऐकवा.

आता आपल्या गोठ्याकडे येऊ. जनावर आजारी पडलं, डॉक्टर आले किंवा दुकानातून औषध आणलं, तर बाटलीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव वाचून थांबू नका. ते कंपनीचं नाव. त्याखाली बारीक अक्षरात खरं औषध लिहिलेलं असतं. ते मुलीकडून, सुनेकडून वाचून घ्या. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, किटोप्रोफेन, निमेसुलाइड, यांतलं काही असेल तर जनावरासाठी नको म्हणून सांगा. "डॉक्टरसाहेब, मेलॉक्सिकॅम चालेल का?" एवढंच विचारा. मेलॉक्सिकॅम गिधाडांना घातक नाही, हे तपासून पाहिलेलं आहे. टॉल्फेनॅमिक ॲसिडही तसंच. डॉक्टरांना शिकवायला जातोय असं वाटायचं कारण नाही. बरेच डॉक्टर स्वतःच हे जाणतात, पण घरातलं माणूस जुनं इंजेक्शन मागतं म्हणून गोष्ट अडते. जनावरांच्या उपचारासाठी 1962 हा फुकटचा नंबर आहे.

औषध दिलेलं जनावर मेलं, तर ते उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. आणि बिबट्या किंवा कुत्रे मरावेत म्हणून मेलेल्या ढोराला विष लावणं तर कधीच नको. तो गुन्हा आहेच, शिवाय ज्याला मारायचं ते राहतं बाजूला आणि एकाच ढोरावर दहा-वीस गिधाडं मरतात.

आपल्याच जिल्ह्यात त्र्यंबक तालुक्यात हरसूलजवळ खोरीपाडा आहे. तिथे वनखात्याने आणि गावकऱ्यांनी गिधाडांसाठी खाण्याची जागा केली आहे, लोक तिला गिधाडांचं हॉटेल म्हणतात. आजूबाजूच्या पाड्यांवर ढोर मेलं की त्याला औषध दिलं होतं का याची चौकशी होते आणि मग ते तिथे टाकलं जातं. रायगडमध्ये फणसाडला आणि तिकडे गडचिरोलीतही असे प्रयत्न झाले. यात चौकशीचा भाग खरा महत्त्वाचा. औषधाचं मांस टाकलं तर ते हॉटेल न राहता सापळा होईल. गिधाडं उपाशी मरत नव्हती, विषाने मरत होती. कारण नीट कळलं नाही तर चांगल्या मनाने केलेला उपायही उलटतो, आणि हे ढोर मेल्याच्या दिवशी गोठ्यातली बाई जे खरं सांगते त्यावर अवलंबून आहे. पैसे वाया गेले, इंजेक्शन देऊनही गाय वाचली नाही, याची लाज वाटून काही बायका औषध दिलंच नाही म्हणतात. सांगा हो, त्यात लाज कसली.

आणि मोजा. मोठं शास्त्र नको. गटाच्या मासिक बैठकीचा दिवस ठरलेला असतो, तसा एक दिवस ठरवा. जागा तीच, वेळ तीच, तेवढाच वेळ. समजा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ ते दहा, पाझर तलावाच्या बांधावरून. जे दिसेल ते लिहा. त्या महिन्यात पाऊस कसा होता, पाणी किती होतं, रान जळालं होतं का, ऊस कापला होता का, तेही लिहा. आणि काही दिसलं नाही तर "काही नाही" असं नक्की लिहा, कारण कोरं पान आणि शून्य यांत फरक आहे. कोरं पान म्हणजे कुणी बघितलं नाही. शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हतं. आपल्या आजीला गिधाडं कधी गेली ते सांगता येत नाही, कारण त्या काळचं पान कोरं आहे. आज वीस वर्षांची असलेल्या मुलीला तर गिधाड नसलेलं आभाळच नेहमीचं वाटतं. तिला काही कमी झालंय असं वाटणारच नाही. म्हणून आजीला विचारून जुनी आठवणही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. सालं नसली तर लग्न, बाळंतपण, दुष्काळ, जे आठवेल त्याच्या आधारे.

ही वही घरात ठेवायची नाही. जैवविविधता कायदा 2002 चा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. 2004 च्या नियमांनी त्या समितीत निदान एक तृतीयांश बायका असाव्यात असं म्हटलं होतं. किती गावांत ती समिती नुसती कागदावर आहे हे ग्रामसभेत विचारल्याशिवाय कळणार नाही. येत्या ग्रामसभेत विचारा, आणि आपल्या नोंदी त्या वहीत चढवायला सांगा. तीन-चार वर्षांच्या नोंदी हातात असल्या, की वनखात्याच्या माणसापुढे "कमी झालंय असं वाटतंय बघा" म्हणावं लागत नाही. आकडे पुढे ठेवता येतात. आणि मेलेलं किंवा मान टाकून बसलेलं गिधाड दिसलं तर मोजणीची वाट बघायची नाही, हात लावायचा नाही, त्याच दिवशी 1926 वर वनखात्याला फोन करायचा.

अंजनेरी, ब्रह्मगिरीच्या बाजूला राहणाऱ्या बायकांनो, तुमच्याकडे कडे आहेत. लांब चोचीची गिधाडं कड्याच्या कपारीतच घरटी करतात. पांढऱ्या पाठीची गिधाडं मात्र उंच झाडांवर, म्हणून बांधावरचा जुना आंबा किंवा ओढ्याकाठचा अर्जुनसादडा तोडण्याआधी वर एकदा नजर टाका. दिवाळीनंतर घरटी सुरू होतात, उन्हाळ्यापर्यंत पिल्लं उडतात. कड्यावर चढायचं नाही, ढोल वाजवायचे नाहीत. खालूनच बघायचं. कपारीखाली चुना ओतल्यासारखे पांढरे ओघळ दिसले तर समजा वरती कुणीतरी राहतंय. किती जणी बघताय आणि किती ओघळ दिसले, ते मला पुढच्या वेळी सांगा.